कोळंबीची डोकी टाकू नका

शिरूरहून चौफुल्याकडे जाताना न्हावरे लागतं. आजूबाजूला ऊस, घोडगंगा सहकारी साखर कारखाना, घरोघरी दुभती जनावरं. समुद्र राहिला सह्याद्रीच्या पलीकडे. तरी दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मंडळी गावी आली की भाऊबीजेनंतर एखाद्या घरात कोळंबीच्या दाट, मलईदार सुपाचा बेत ठरतो. मग बाजारातून येते सोललेली, गोठवलेली कोळंबी, क्रीमचा पुडा आणि कॉर्नफ्लॉवर. सूप दाट होतं, पांढरंशुभ्र दिसतं, पण चव लागते पिठाची. कारण कोळंबीची चव जिथे असते तो भाग घरात आलेलाच नसतो.

हे सूप शिकवताना माझं पहिलं सांगणं एकच असतं: कोळंबी डोक्यासकट, सालासकट आणा.

फ्रान्समध्ये या जातीच्या सुपाला बिस्क म्हणतात. ऑग्युस्त एस्कॉफिए या नामवंत आचाऱ्याचा पाकग्रंथ 1903 साली आला. त्यात बिस्कला दाटपणा येतो तो शिजवलेल्या तांदळाने. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शिंपल्यांचं चाउडर करतात. त्यात पूर्वी जहाजावरची कडक बिस्किटं कुस्करून घालत, पुढे बटाटा आला. म्हणजे दाटपणासाठी प्रत्येकाने आपल्या हाताशी असलेलं धान्य किंवा कंद वापरला. पुणे जिल्ह्याच्या हाताशी तर इंद्रायणी आणि आंबेमोहोर आहेत. शिजल्यावर चिकट होणारा, मऊ पडणारा हा तांदूळ या सुपासाठी कॉर्नफ्लॉवरपेक्षा कितीतरी चांगला.

खरी अडचण येते ती क्रीमपाशी. ‘माशात दूध घालतात होय?’ हा घरातल्या मोठ्या माणसांचा प्रश्न. त्याला जुना आधार आहे: चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 26व्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे आणि मासे-दूध हे त्यातलं ठळक उदाहरण. या दोन्हींनी अंगावर कोड उठतं ही समजूत मात्र आधुनिक वैद्यकाने मान्य केलेली नाही. तरीही सणाच्या दिवशी आजीचं मन मोडायचं कारण नाही, कारण नारळाचं दूध हे काम अधिक चांगलं करतं. गाई-म्हशीच्या दुधात आंबट पडलं की त्यातलं केसीन गोळा होतं आणि दूध फाटतं. नारळाच्या दुधात केसीन नसतं. सोलकढीत आमसुलाचा आंबटपणा ते किती सहज सोसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात कोळंबीचं सौम्य काल्दीन याच दुधात शिजतं.

आता खरेदी. राज्याच्या सागरी हद्दीत 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. पावसाळा सरला की कोळंबीची आवक चांगली होते, त्यामुळे दिवाळीचा काळ सोयीचा. पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणायची तर बर्फात, आणि वितळलेलं पाणी निथळून जाईल अशा डब्यात. कोळंबीच्या डोक्यात पाचक रस असतात. ती उबेत राहिली तर हे रस मांस मऊ, भुसभुशीत करतात. म्हणून घरी पोचल्यावर लगेच डोकी वेगळी करावीत, पाठीतला काळा दोरा काढावा आणि मांस, सालं, डोकी गार जागी ठेवावीत.

सहा जणांना अर्धा किलो कोळंबी पुरते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे लोणी घ्या. ते तापलं की डोकी आणि सालं टाका. करडी सालं पाहता पाहता केशरी होतात. ॲस्टाझँथिन हा रंग कच्च्या सालात प्रथिनाला बांधलेला असतो. उष्णतेने तो सुटतो. हा रंग पाण्यात नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणूनच सालं नुसती उकळली तर पाणी फिकं राहतं आणि लोण्यात परतली तर लोणीच तांबूस होतं. डावाच्या पाठीने डोकी दाबायची. आतला गर बाहेर पडला की कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो. इथे आठ-दहा मिनिटं घाई करू नका.

मग एक चिरलेला कांदा, चार लसूण पाकळ्या, एक टोमॅटो, कोथिंबिरीचे देठ, तमालपत्र आणि पाच-सहा मिरे घाला. कांदा मऊ झाला की सव्वा लिटर पाणी घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. त्यापुढे सालांचा कडवटपणा उतरू लागतो. हे पाणी फडक्यातून गाळा, सालं पिळून घ्या आणि त्यात दोन मोठे चमचे इंद्रायणी तांदूळ अगदी मऊ शिजवा. गार झाल्यावरच मिक्सरमधून काढा. गरम वाफेने झाकण उडतं. सालं मिक्सरमध्ये घालू नका, त्यांची कच घशाला लागते.

आपल्या देशावरच्या घरांत एक हुकमी चीज असते: आठवडे बाजारातली सुकट. मूठभर सुकट निवडून, कोरडी भाजून सालांबरोबर उकळली तर सुपाला समुद्राची भरदार चव येते. मग मीठ मात्र शेवटी, चाखूनच. ताजी कोळंबी मिळालीच नाही तर सोलापूर रस्त्याने भिगवण गाठावं. उजनीच्या जलाशयातली मरळ किंवा कटला घेऊन डोकं आणि काटे उकळावेत, तांदूळ तसाच, दूध तेच.

वाढण्याआधी सूप गरम करून एका नारळाचं पहिलं, घट्ट दूध घाला आणि आच मंद ठेवा. खळखळून उकळी आली तर तेल सुटून दूध वेगळं होतं. सोललेली कोळंबी अगदी शेवटी, दोन-तीन मिनिटांपुरती. जास्त शिजली की रबरासारखी होते. वरून लिंबाचे चार थेंब.

कवचधारी जलचरांची ॲलर्जी शिजवल्याने जात नाही, तेव्हा पाहुण्यांना आधी विचारावं. माळकरी मंडळींसाठी लाल भोपळ्याचं सूप त्याच तांदळावर आणि नारळाच्या दुधावर, पण वेगळ्या पातेल्यात आणि वेगळ्या डावाने करावं. पावाच्या तळलेल्या तुकड्यांऐवजी बाजरीच्या भाकरीचे तुकडे तुपात कुरकुरीत करून सोबत द्यावेत. गाळलेलं पाणी आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवता येतं. मग पाहुणे हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत फक्त दूध आणि कोळंबी घालायची राहते.