काचेवरचा तवंग

दिवसा काच स्वच्छ दिसायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर दुपारी कुणालाही दाखवली असती तरी तो म्हणाला असता, हिला काय धाड भरलीय! पण संध्याकाळी पौड मागे टाकलं, मुळशी धरणाच्या अंगाने पाऊस आला आणि समोरून एखादा टेम्पो वळला, की त्याचे दोन दिवे माझ्या काचेवर फिसकटून हातभर पांढरा पट्टा व्हायचा. वायपर फिरला की पट्टा आणखी रुंद. त्यात क्षणभर इंद्रधनुष्याचे रंग तरळायचे आणि मग पुन्हा थेंबच थेंब. ताम्हिणी घाटात रस्त्याची कड तशीही शोधावी लागते. माहेर माणगावला, त्यामुळे पावसाळा आहे म्हणून जाणं टाळता येत नाही.

गाडी जुनी घेतलेली. विकणाऱ्याने ती इतकी चकाचक करून दिली होती की डॅशबोर्डमध्ये तोंड दिसावं. मधोमध चिकटवलेले गणपतीबाप्पा आणि त्यांच्यापुढे उदबत्तीचं इवलंसं घर हे आधीच्या मालकाचं. ते मी काढलं नाही.

सल्ले भरपूर मिळाले. गॅरेजवाला म्हणाला, ताई, वायपरचे रबर गेलेत. नवे बसवले, पट्टा तसाच. दुकानात मिळणारं निळं लिक्विड मारून वर्तमानपत्राने घासलं, तर तवंग जागचा हलला, पण गेला नाही. शेजारच्या काकूंनी व्हिनेगर सुचवलं. व्हिनेगर चांगलंच, पण ते पाण्याच्या डागांवर. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं, त्याचे पांढरे ठिपके काचेवर उमटतात. तो क्षार, तो आंबटाने सुटतो. तेलकटपणाला व्हिनेगरचं काही सोयरसुतक नाही.

खरी सुरुवात माहेरी अण्णांनी करून दिली. अण्णा एसटीत चालक होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. त्यांच्या मते काचेवर तंबाखू चोळणं हा सर्व रोगांवर इलाज आहे. तंबाखू ओली करून काचेवर फिरवली की पाण्याचे थेंब धरत नाहीत, पाणी पसरून खाली उतरतं. रात्रीच्या गाड्यांवर त्यांनी कित्येक पावसाळे असेच काढले. मी पुडी आणू दिली नाही, तेव्हा ते जरा नाराजच झाले.

"आतून पुसलीस का?"

"पुसली की हो, अण्णा."

"मग फडक्याचा वास घेऊन बघ."

मी घेतला. उदबत्ती, आणि तिच्याखाली नव्या रेक्झिनसारखा गोडसर वास. फडक्यावर पिवळट करडी चिकट रेघ आली होती. तोवर मी काचेवरचा तवंग म्हणजे एकच काहीतरी धरून चालले होते. ते दोन निघाले, आतला वेगळा आणि बाहेरचा वेगळा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नव्हतं.

आतल्याची गोष्ट अशी. डॅशबोर्डचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी रसायनं मिसळलेली असतात. गाडी उन्हात उभी राहिली, आतलं भट्टीसारखं तापलं, की त्यांची वाफ होते आणि ती सगळ्यात जवळच्या थंड पृष्ठभागावर, म्हणजे काचेवर, जाऊन बसते. नव्या गाडीचा म्हणून जो वास आपण कौतुकाने घेतो, त्यातही या वाफेचा वाटा असतो. त्यावर उदबत्तीची काजळी आणि जेलच्या सुगंधी डबीचा अंश. एसी बंद असला की आतली दमट हवा याच थराला धरून धुकं करते.

हा थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं. मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट पुसायला वापरतात, ते. दारं उघडी टाकायची, जवळ ज्योत नको, आणि ते काचेवर न फवारता फडक्यावर घ्यायचं, नाहीतर खाली ओघळून डॅशबोर्डला डाग पडतात. एक मायक्रोफायबर ओलं, दुसरं कोरडं. कोरडं लगेच फिरवलं नाही तर सुटलेला तेलकटपणा तिथेच पुन्हा वाळतो. निळ्या लिक्विडने माझ्याकडे नेमकं हेच होत होतं. सगळा त्रास त्या खालच्या चिंचोळ्या कोपऱ्याचा, जिथे काच तिरकी होऊन डॅशबोर्डला मिळते. चालकाच्या बाजूने तिथे हात जातच नाही, स्टिअरिंग आडवं येतं. शेजारच्या सीटवर बसायचं, तळवा वर करायचा, हाताची पाठ डॅशबोर्डला टेकवायची आणि बोटांच्या टोकांनी फडकं आत ढकलायचं. असं केलं की पोहोचतं. मनगट मात्र बोलतं.

बाहेरची बाजू जास्त हट्टी. तिथे मी आधी नुसतं पाणी मारून पाहिलं, आणि ही परीक्षा मला कुठल्याही लिक्विडपेक्षा मोलाची वाटते. स्वच्छ काचेवर पाणी सलग पसरतं, तेलकट काचेवर ते फाटून त्याचे मणी होतात. भांड्याच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने धुतल्यावर कडेच्या भागात पाणी छान पसरलं. डिझेलचा धूर, रस्त्यावरून उडालेला ऑइलमिश्रित चिखल, झाडाखालचा चिकटा, हे सगळं तिथून गेलं होतं. पण वायपर जिथून फिरतो त्या दोन कमानींत पाणी अजूनही मणी धरत होतं, अगदी कंपासने आखल्यासारखं.

म्हणजे ते वायपरने पसरवलेलं होतं. गाडी आणि टायर चमकवायच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते एकदा रबराला लागलं की वायपर प्रत्येक फेरीत ते काचेला चोपडत राहतो. उन्हाने ते काचेला घट्ट धरतं आणि मग ना साबण चालत, ना अल्कोहोल. तिथे घासणंच भाग आहे.

घासायलाही अक्कल लागते. भांड्याची घासणी किंवा रांगोळीसारखी खरबरीत पूड काचेवर बारीक चरे पाडते, आणि मग रात्री दिव्यांचं जे कोळिष्टक दिसतं ते आयुष्यभराचं. मी नाना पेठेतून सेरियम ऑक्साइड आणलं. काच पॉलिश करणाऱ्यांची ही पूड, फिकट गुलाबी, बोटांत धरली तर टाल्कम पावडरीसारखी मऊ. पाण्यात दह्याइतकी दाट कालवायची आणि नमद्याच्या तुकड्याने हातभर जागेत गोल गोल चोळायची. वाळू द्यायची नाही, मधून मधून पाणी शिंपडत राहायचं. सावलीत करायचं हेही आलंच. सुरुवातीला नमदा काचेवरून गुळगुळीत घसरतो. मग एका क्षणी हाताला पकड जाणवते, किंचित खरखर ऐकू येते, आणि तेव्हा समजायचं की आता मधलं काही उरलं नाही. पाणी मारलं. कमानीच्या अर्ध्या भागात ते सलग उतरलं, उरलेल्या भागात मणी. दोन्ही शेजारी शेजारी पाहून मला जो आनंद झाला तो सांगायला आजूबाजूला फक्त वॉचमन होता. त्याने मान डोलावली.

मागच्या काचेच्या आतल्या बाजूला तापणाऱ्या तारा असतात, तिथे हे मुळीच करू नये.

नवे वायपरही एव्हाना खराब झाले होते, काचेवरचं सिलिकॉन उलट त्यांना लागलं होतं. अल्कोहोलच्या फडक्याने ती रबरं चिमटीत धरून ओढली, काळं येणं थांबेपर्यंत. हे राहिलं असतं तर सगळी सकाळ पाण्यात गेली असती.

त्यानंतर ताम्हिणी रात्री उतरले. समोरच्या गाडीचे दिवे दोनच दिसले, आणि निजामपूरपर्यंत मी खांदे आखडून बसले नव्हते. अण्णांनी दारातच विचारलं, "तंबाखू लावलीस ना?" हो म्हटलं. एवढं पुण्य त्यांच्या खात्यावर जायला हरकत नव्हती.

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. घ्यायला गेले तर एक पोरगा हातात पॉलिशच्या स्प्रेची बाटली घेऊन डॅशबोर्डवर वाकलेला. मी पार्किंगच्या टोकापासून ओरडले.

"अहो ताई," तो दचकून म्हणाला, "फ्री आहे!"