आवाजाचं सोंग

आधी वास यायचा, मग आवाज. खटका दाबला की खोक्याच्या पोटातल्या व्हॉल्व्हवर साठलेली धूळ भाजायला लागायची आणि रिकामा तवा चुलीवर राहून गेल्यासारखा एक कोरडा वास खोलीभर पसरायचा. मग काचेच्या नळीत, अगदी तळाशी, तांबूस ठिपका उमटायचा. समईची वात सारावी तसा तो हळूच वर चढायचा. यात अर्धं मिनिट तरी जायचं. तोवर गिटारची तार कितीही छेडा, स्पीकर मुका. आणि मग पांदणीतून कुणी चालत यावं तसा आवाज यायचा, आधी लांबून, मग दारात.

ही गोष्ट 1984-85ची. लाखनीजवळच्या आमच्या गावातून मी सायकलनं भंडाऱ्याला जायचो, तिथल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला. लग्नं, गणपती, शारदोत्सव, कुठं कुठं वाजवलं त्याची गणती नाही. ‘दम मारो दम’ची सुरुवात जमली की तो गिटारवाला पास, अशी आमची सरळ परीक्षा होती. 1971 सालच्या त्या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंगनं वाजवली आहे, हे मला फार पुढं कळलं. ज्याच्या गझला ऐकत रात्री काढल्या, त्याचीच बोटं आपण इतकी वर्षं गिरवत होतो!

अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यायची ऐपत कुणाची? बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांनी लाउडस्पीकरचं एक जुनं मशीन उघडून, त्यातलं निम्मं सामान बदलून, मला गिटारसाठी बांधून दिलं. आत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, बंगलोरला बनलेले व्हॉल्व्ह होते. मशीन सुरू ठेवून काका पेन्सिलीच्या उलट्या टोकानं एकेका व्हॉल्व्हवर हळूच टिचकी मारत. बरा असेल तर स्पीकरमधून नुसतं ‘टक’ येई. आतला सांगाडा सैल झाला असेल तर ‘टिंऽऽग’ असा घुमारा उठे. मान तिरकी करून काका ऐकत आणि नळी काढून बाजूला ठेवत. त्यांच्या दुकानापासून थोडं पुढं गेलं की भांड्यांची दुकानं. भंडारा पितळी भांड्यांचं गाव. तिथं बाया पाण्याच्या गुंडावर बोटाचं पेर आपटून बघत. घुमला तर चांगला, बद्द वाजला तर चीर आहे. एकाच रस्त्यावर दोन परीक्षा, आणि नियम नेमके उलटे. भांडं गायला हवं, व्हॉल्व्हनं मात्र स्वतःहून गाता कामा नये.

व्हॉल्व्ह आत करतो काय, हे काकांनीच एकदा सांगितलं होतं. धानाच्या बांधीत पाणी घेताना बांधाला खिंड पाडतात ना, तसं. तापलेल्या तारेकडून विजेचा लोंढा पलीकडच्या पत्र्याकडं निघतो आणि मध्ये असते एक जाळी. गिटारकडून आलेली इवलीशी वीज त्या जाळीवर बसते. खिंडीतली मूठभर माती इकडची तिकडं केली की अख्खी धार कमी-जास्त होते, तसा तो मोठा लोंढा त्या इवल्या विजेच्या तालावर नाचतो. ही मधली जाळी बसवायची युक्ती ली डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन माणसाची, 1906 सालची. तिथून पुढं रेडिओ, सभेतले भोंगे, सिनेमाचे बोलपट सगळे त्या जाळीतून गेले.

पण धार किती सोडायची याला मर्यादा असते. गिटार जोरात वाजवली की व्हॉल्व्ह म्हणतो, आता पुरे. ट्रान्झिस्टरही तसंच म्हणतो, पण तो विळ्यानं कापल्यासारखा लाटेचा माथा सपकन उडवतो. व्हॉल्व्ह माथा दाबतो, गोल करतो, चाकावरल्या मडक्याचा काठ ओल्या बोटानं वळवावा तसा. त्या वळवण्यात मूळ स्वरासोबत वरच्या सप्तकातला सा जागा होतो, त्याच्या वरचा पंचम जागा होतो. एकच तार छेडलेली असते, पण मागं दोन-तीन जण गुणगुणत असल्याचा भास होतो. इंजिनियरच्या वहीत याचं नाव आहे बिघाड. जे आत गेलं तेच बाहेर यायला हवं होतं, ते आलं नाही.

आमच्याकडं या बिघाडात गावही हातभार लावायचं. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरायचा. घरातला बल्ब पिवळा पडायचा, व्हॉल्व्हची लाली मंदावायची आणि गिटारचा आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. मी कातावून जायचो. नंतर कधीतरी वाचलं की अमेरिकेत एडी व्हॅन हेलन नावाचा गिटारवाला आपल्या अ‍ॅम्पला मुद्दाम कमी दाबाची वीज द्यायचा. त्यासाठी दाब उतरवणारं यंत्रच जवळ ठेवायचा. म्हणजे त्यानं पैसे देऊन आणलेली संध्याकाळ आमच्या गावात रोज फुकट उतरत होती, आणि मी मात्र तिला नावं ठेवत होतो.

मागच्या दिवाळीला पुण्याहून भाची आली. आमच्याकडं मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. मी वाकलो तेव्हा तिच्या एका हातात गिटारची पिशवी आणि दुसऱ्या हातात लहान पोळपाटाएवढा चपटा डबा होता. वजन असेल दोन किलो. माझं मशीन उचलायला दोन माणसं लागायची.

“मामाजी, यात हजार अ‍ॅम्प हायेत,” ती म्हणाली.

“हजार? अन तापते कोणता?”

“एकबी नाई!”

तिनं हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि तार छेडली. मी दचकलो. काकांच्या मशीनचा आवाज! अगदी तोच नव्हे, पण त्याच्या सख्ख्या भावाचा. मऊ माथा, मागची गुणगुण, सारं जागच्या जागी. फक्त तव्याचा वास तेवढा नव्हता.

डब्याची कारागिरी तिनं मला समजावून सांगितली. तारेचा थरार सेकंदाला 48,000 वेळा मोजायचा, प्रत्येक मापाचा आकडा करायचा, आणि व्हॉल्व्हनं त्या आकड्याचं काय केलं असतं ते गणितानं काढायचं. 1998 साली लाइन सिक्स कंपनीनं राजम्याच्या दाण्यासारखा लाल ‘पॉड’ काढला आणि हे गणित घरोघरी गेलं. 2011 साली जर्मनीच्या केंपरनं पुढची पायरी गाठली. खऱ्या अ‍ॅम्पला ठरावीक आवाज ऐकवायचे, तो काय उत्तर देतो ते टिपायचं, आणि त्यावरून त्याचा स्वभाव उतरवून घ्यायचा. या हिशेबात आवाजाला दोन-तीन मिलिसेकंद उशीर होतो. पण हवेतून आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम हातभर चालतो. म्हणजे मशीनपासून दोन पावलं मागं सरकून उभं राहिलो तरी तेवढा उशीर व्हायचाच. तिथंही बोट ठेवायला जागा नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. मनात एकच शब्द फिरत होता, नक्कल. पण आमच्या झाडीपट्टीत त्या शब्दाला एक थोरलं भावंड आहे, सोंग. लहानपणी दंडारीच्या खेळात बघितलेलं आठवलं. मिशा नुकत्याच भादरलेला धिप्पाड शेतकरी लुगडं नेसून यायचा, पदर सावरायचा आणि नवऱ्याला दोन शब्द सुनवायचा. सकाळी हाच माणूस बांधीत चिखल करत होता हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक. तरी माझी आजी पदर डोळ्याला लावायची. सोंग खोटं आहे हे माहीत असण्यानं तिचं रडणं अडत नसे. सोंग वठलं की नाही, एवढंच बघायचं.

आणि खरं म्हणायचं तरी कशाला? 1962 साली लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात त्याच्या माणसांनी अमेरिकेच्या फेंडर बासमनवर नजर ठेवून अ‍ॅम्प बांधला. व्हॉल्व्ह थोडे वेगळे, स्पीकर वेगळे, बाकी सोंग बासमनचं. बासमनही मुळात बास गिटारसाठी बनलेला. साध्या गिटारवाल्यांनी तो आपलासा केला. आज भाचीच्या डब्यात मार्शलची नक्कल आहे आणि तिला मी नक्कल म्हणतो. मार्शलला मात्र अस्सल. त्याच्याही आधी, 1951 साली, मेम्फिसच्या स्टुडिओत एका गिटारवाल्याचा अ‍ॅम्प येता येता बिघडला. स्पीकरचा फाटका पडदा कागद कोंबून सावरला आणि तसंच रेकॉर्डिंग केलं. ‘रॉकेट 88’ नावाच्या त्या तबकडीतली घरघर पुढं लोकांनी जिवाचा आटापिटा करून मिळवली. माझ्याही स्पीकरला काकांनी पतंगाचा कागद डिंकानं चिकटवला होता. आम्ही ते गावभर लपवत होतो!

मग मला खटकत काय होतं? दुसऱ्या दिवशी भाची ओसरीवर हेडफोन लावून वाजवत बसली होती. मी समोर बसून बघत होतो. हेडफोन तिच्या कानावर, म्हणून मला ऐकू येत होती ती नुसती तारेची किरकिर, डास भणभणावा तेवढी. तेव्हा लक्षात आलं. तिला आवाज ऐकू येत होता, पण तारेला येत नव्हता.

काकांच्या मशीनसमोर मी उभा राहायचो तेव्हा स्पीकरमधून निघालेला आवाज हवेतून परत माझ्या गिटारवर यायचा. लाकूड थरथरायचं, पोटाला कळायचं. विझू लागलेली तार आपलाच आवाज ऐकून पुन्हा जागी व्हायची, आणि नीट जागेवर उभं राहिलं तर विझायचीच नाही. पुढं सरकलो तर स्वर बदलायचा, बाजूला वळलो तर हरवायचा. मी तार वाजवायचो आणि खोली मला वाजवायची. हे ना काचेच्या नळीत होतं, ना गणितात. ते दोघांच्या मधल्या चार हात हवेत होतं.

दोन दिवसांनी गावात मंडई भरली. दिवसभर भांड्यांची, बांगड्यांची, गोडशेवेची दुकानं, रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून पुढं रात्रीमागून रात्री अशी नाटकं चालतात, उजाडेपर्यंत. याच झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली. पूर्वी मंचापुढं पायपेटीचा ऑर्गन असायचा. आता की-बोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे. पहिल्यांदा की-बोर्ड आला तेव्हा म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती. आज त्याच्यावर नाट्यपद सुरू झालं की तेच म्हातारे मान डोलावतात.

संध्याकाळी मंडपात साउंडवाला पोरगा माइक तपासत होता. मी त्याला गाठलं. “बाबू, पोरीले पाच मिनिटं वाजवू दे न.” त्यानं आधी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि एक वायर पुढं केली.

भाची मंचाच्या कडेला, माणसाहून उंच स्पीकरांपुढं उभी राहिली. खाली सतरंज्या अंथरणं चाललं होतं. तिनं एक स्वर छेडला आणि बोट तसंच दाबून धरलं. स्वर उतरू लागला, उतरता उतरता थबकला आणि मग, तिनं काही न करता, पुन्हा वर चढला. आधी तोच सा, मग त्याच्या अंगातून वरचा सा फुटला. मंडपाच्या कनाती थरारल्या. भाचीनं चमकून तारेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हातानं खूण केली, थोडी डावीकडं सरक. ती सरकली. स्वर वळला आणि पंचमावर जाऊन बसला. डब्यातला दिवा निळा होता, लाल नव्हे. डबा थंडच असणार.

तेवढ्यात साउंडवाला धावत आला आणि त्यानं मिक्सरवरचा आवाज झरकन खाली ओढला. कपाळाला आठ्या. “मामाजी, शिट्टी मारते न तुमची गिटार! काहीतरी बिघडलं दिसते.”

“हो न बाबू,” मी म्हणालो. “अजून एकडाव बिघडव.”