किल्ली हलते आहे!

बोरीबंदरला उतरून फोर्टात शिरणारा माणूस नेहमी घाईतच असतो, असा एक समज आहे. त्या दिवशी मी मात्र अगदी रमतगमत निघालो होतो. खिशात रुमालाच्या घडीत वडिलांचे घड्याळ होते आणि त्याची किल्ली हलत होती.

किल्ली म्हणजे घड्याळाच्या उजव्या कुशीला असलेले ते खाचांचे बोंड. सेलच्या घड्याळांवर वाढलेल्या मंडळींना हे सांगायला हवे, कारण रोज सकाळी घड्याळाला किल्ली द्यायची असते हेच त्यांना ठाऊक नाही. हे घड्याळ एचएमटीचे, 'जनता' नावाचे, १७ ज्युएल्सचे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हा कारखाना निघाला, आणि पुढे कितीतरी वर्षे मराठी घरांतला जावई, मॅट्रिक झालेला मुलगा आणि निवृत्त होणारे मास्तर या सगळ्यांच्या मनगटावर एचएमटीच आले. २०१६ साली सरकारने ही घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून सुटे भाग मिळायचे ते जुन्या घड्याळांच्याच पोटातून.

आमच्या उपनगरातल्या एका दुकानदाराने बोंडाला काहीतरी चिकट लावून दिले. आठ दिवसांत ते पुन्हा डुलू लागले, वर फिरवायलाही जड झाले. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "आतले मशीन काढून टाका, सेलचे बसवून देतो. वरून कोणाला कळतंय?" मी घड्याळ उचलले आणि थेट फोर्टाची वाट धरली.

दादाभाई नवरोजी मार्गाच्या कमानींखालून चालणे हा मुंबईतल्या फुकट सुखांपैकी एक प्रकार आहे. ऊन बाहेर, सावली आत, आणि त्या सावलीत चष्मे, पट्टे, पेने, जुनी नाणी! तिथून आत वळणाऱ्या एका गल्लीत काचेच्या कपाटामागे एक वृद्ध कारागीर बसतात. मूळचे दापोलीकडचे कोकणी मुसलमान, मराठी अस्सल. सारे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी डोळ्याला भिंग लावले. आधी बोंड बोटांनी वरखाली केले, मग बाहेर ओढून पुन्हा हलवले. "बाहेर ओढल्यावर थोडे हलणारच साहेब, त्यात दोष नाही. आत बसलेले असताना हलते, हा आजार."

मग पाठीचे झाकण उघडले, आतली कळ सैल केली आणि बोंड दांडीसकट बाहेर काढले. बोंड दांडीवर घट्ट होते, आटे शाबूत. केसच्या नळीत दांडी घालून पाहिली, तिथेही फारशी फट नव्हती. पुष्कळदा नुसते मशीनच केसमध्ये सैल झालेले असते, पण त्याचे स्क्रूही पक्के निघाले. शेवटी त्यांनी मशीन बाहेर काढले आणि दांडी त्याच्यात परत बसवली. केसचा आधार नसतानाही ती डुललीच!

"घ्या, बघा." भिंग माझ्या हाती आले. दांडी ज्या भोकातून आत जाते, ते गोल राहिलेच नव्हते. एका अंगाने लांबट झाले होते. दांडी पोलादी आणि भोक पितळेत. त्यात जुने तेल आणि धूळ यांचा चिखल. झिजायचे ते पितळच.

चाचांनी विचारले, "वडील घड्याळ हातातच ठेवून किल्ली देत होते ना?"

मी चपापलो. खरेच, वडील सकाळी गॅलरीत उभे राहून, घड्याळ मनगटावर असतानाच किल्ली देत. मनगट आडवे येत असल्याने बोंड दोन्ही बाजूंनी सरळ धरता येत नाही. बोट त्याला तिरपे रेटते. रोजचा तो रेटा, चाळीस वर्षे!

"मोडक्या जनताचा पाट आहे माझ्याकडे. तो घालतो आणि तुमची बाकीची चाकं त्यावर चढवतो. किल्ली नव्यासारखी होईल," चाचा म्हणाले.

"आणि हा पाट?"

"भंगार."

मी बराच वेळ काही बोललो नाही. चाचांनी घाई केली नाही. एका टिनच्या डबीतून दांड्या शोधत राहिले. अखेर मी म्हणालो, "चाचा, भोक राहू द्या. दांडीच तेवढी बदला."

"डुलणे कमी होईल, जाणार नाही. अन् पाणी लागू द्यायचं नाही हं." त्यांनी तेल पुसले, नवे घातले, नवी दांडी बसवली. "आणि किल्ली द्यायची ती घड्याळ हातातून काढून."

घड्याळ लावण्यासाठी मी मुद्दाम ओव्हलपर्यंत चालत गेलो. राजाबाईचा मनोरा १८७८ पासून तिथे वेळ सांगत उभा आहे. त्याच्या आयुष्यात कितीतरी वर्षे मुंबईची वेळ हिंदुस्थानच्या प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे होती. १९५५ साली हा हट्ट संपला. काटे जुळवले, बोंड आत दाबले. अजून किंचित हलत होते.

चर्चगेटला गाडीत खिडकी मिळाली. मरीन लाइन्स गेले असेल-नसेल, माझा अंगठा आपोआप बोंडावर गेला आणि दोन वेढे फिरवूनही झाले. मग आठवण झाली. पट्टा सोडला, घड्याळ हातात धरले आणि उरलेली किल्ली दिली.