प्रश्न कुणाला विचारायचे?

बोर्ली पंचतन

प्रिय मुक्ता,

गरोदरपण-बाळंतपणाच्या सेवांवरची तुझी प्रश्नावली वाचली. बहुतेक प्रश्न सिस्टर आणि आशाताईंभोवती फिरतात: नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली का, गोळ्या मिळाल्या का, वागणूक कशी होती. हे विचारायलाच हवं. पण तेवढ्यावर थांबलीस तर इथली बाई बाळंतपणात कुठे अडकते, ते तुला कळणार नाही.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नॉर्मल बाळंतपण होतं. सिझेरियन होत नाही, ते अशा केंद्राचं कामच नव्हे. बाई अडली की चिठ्ठी श्रीवर्धनची. तिथे त्या वेळी भूलतज्ज्ञ नसेल तर माणगाव, नाहीतर थेट अलिबाग. अलिबागच्या वाटेवरचं मुरूड खाडीपलीकडे दिसतं खरं, पण मध्यरात्री दिघीहून फेरीबोट नसते, मग म्हसळ्यावरून वळणावळणाचा रस्ता. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ इथेच धडकलं, तेव्हा तोही झाडं पडून बंद झाला होता. त्या आठवड्यात दिवस भरलेल्या बायांचं काय झालं, हे जरूर विचार.

1 जून 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण सगळं मोफत केलं. घरून नेणारी, पुढच्या रुग्णालयात पोचवणारी आणि बाळंतिणीला परत घरी सोडणारी गाडीसुद्धा. म्हणून ‘सेवेबाबत समाधानी आहात का?’ हा प्रश्न काढून टाक. ‘गाडीचे पैसे कुणी दिले?’ असं विचार. उत्तर रुपयांत मिळेल आणि ते कुणाला खोडता येणार नाही.

असे प्रश्न गावानंच विचारायचे, अशी लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात 2007 साली पाच जिल्ह्यांत सुरू झाली, पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने. पुढे रायगडही त्यात आला. गावानं आपल्या केंद्राला हिरवा, पिवळा, लाल शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर जाब मागायचा. साध्या बाईनं उभं राहून माइकवर बोलणं, याचं मला फार मोल वाटतं. पण सुनवाईत सगळ्यांत जवळ सापडते ती नर्स. रिक्त पद भरणं, भूलतज्ज्ञ नेमणं, रक्तसाठवण केंद्र चालवणं यातलं काहीच तिच्या हातात नाही. ते अलिबागला आणि मुंबईला ठरतं. जाब तिथपर्यंत चढला नाही तर आपण एका दमलेल्या बाईला दुसऱ्या दमलेल्या बाईसमोर उभं करतो, बस.

आकड्यांवरही विसंबू नकोस. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर 2007-09 मध्ये लाखाला 104 होता, 2018-20 मध्ये 33 झाला. ही मोठी कमाई आहे, अनेकांच्या कष्टाची. पण 33 म्हणजे तीन हजार जन्मांमागे एक मृत्यू. तीस हजार वस्तीच्या केंद्रात वर्षाला साडेचारशे जन्म धरले तर सहा-सात वर्षांत एक. बाकीची वर्षं कागदावर शून्य! त्या शून्यात मरता मरता वाचलेल्या बाया आहेत, दागिना मोडून भरलेलं बिल आहे. ते फक्त गावाला ठाऊक असतं.

कातकरी वाडीवर दिवाळीआधी जा. नंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात. रजिस्टरात ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि त्या बाईबद्दल इथे कुणी उत्तर देत नाही, भट्टीच्या गावीही नाही. दोन्हीकडे विचार.

बाया सिस्टरविरुद्ध चटकन बोलणार नाहीत. उद्या पुन्हा तिच्याच दारात जायचंय ना. नावं लिहू नकोस. आणि सासूला बाहेर घालवू नकोस, आधी तिचीच बाळंतपणं विचार. ती बोलायला लागली की सून आपोआप बोलते.

9 तारखेच्या आदल्या दिवशी ये. दर 9 तारखेला केंद्रात गरोदर बायांची तपासणी असते. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरलाही भेट. कुठल्या रात्री कुठून कुठे जावं लागलं, हे त्याच्याइतकं कुणाच्या लक्षात नसतं. येताना प्रश्नावलीत एक रकाना वाढवून आण: ‘हे दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाकडे आहे?’

तुझी,
मावशी