माळव्यातील एक आठवडा : धार, देवास आणि उदयनगर

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी सकाळी इंदूरला उतरतो, तेव्हा त्याला आपण परमुलखात आलो असे फारसे वाटत नाही. काळी कसदार जमीन, गहू-हरभऱ्याची शेते, दुकानाच्या पाट्यांवर मधूनच दिसणारी मराठी आडनावे आणि चौकात पोहे विकणारा मनुष्य, हे सारे पाहून मन आश्वस्त होते. हाच तो माळवा. इंदूरच्या पश्चिमेस धार आणि ईशान्येस देवास. या दोन्ही जुन्या संस्थानांत आम्ही गेल्या हिवाळ्यात एक आठवडा काढला. त्या आठवड्यात जे पाहिले व ऐकले, ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

धार ही राजा भोजाची धारानगरी. अठराव्या शतकात ती पवारांकडे आली. तेथील किल्ल्याच्या तटावर उभे राहिले असता मराठी माणसाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. ती ही, की शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याचा जन्म 1775 साली याच किल्ल्यात झाला. पेशवाईच्या घरातील कलहामुळे त्याच्या मातेने येथे आश्रय घेतला होता. धारेत आणखी एक स्मृती आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर मार्गारेट ओहारा 1891 साली मध्य भारतात आल्या आणि पुढे धार येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णांची, विशेषतः स्त्रियांची सेवा केली. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. तथापि परक्या देशात येऊन परक्या बायकांच्या खाटेपाशी जी स्त्री रात्री जागवते, तिचे ऋण मान्य करण्यास पंथाची आडकाठी कशाला हवी?

देवासचा प्रकार आगळाच. पवारांच्या दोन भावांनी, तुकोजी व जिवाजी यांनी, येथे दोन पात्या स्थापिल्या; थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन वाडे आणि दोन कारभार! गावाच्या मध्यावर टेकडी असून तिच्यावर देवीची दोन स्थाने आहेत. लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. आज देवास हे कारखान्यांचे आणि नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्याचे शहर म्हणून ओळखले जाते. परंतु टेकडीच्या पायथ्याशी गेले की गायक कुमार गंधर्वांची आठवण निघते. कुमारजी मूळचे कानडी मुलखातले. क्षयाने गांजलेले असताना, कोरडी हवा मानवेल म्हणून ते 1948 साली देवासला येऊन राहिले. अंथरुणाला खिळलेल्या त्या काळात बाहेरून जाणाऱ्या माळवी बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानी पडली. त्यांनी ती मन लावून ऐकली, टिपून ठेवली, आणि बरे झाल्यावर त्याच लोकधुनांनी त्यांचे गाणे नव्याने बहरले. परक्या मुलखात आलेल्या माणसाने प्रथम काय करावे, याचा धडा यात आहे. त्याने प्रथम ऐकावे.

हा धडा आपल्या ख्रिस्तसभेला नवा नव्हे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यात आला. तो आपली भाषा इतकी शिकला, की त्याचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राचोल येथे छापले गेले तेव्हा ते मराठी ओवीत होते. आजही जगात असे होत असते. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण घरदार सोडून दोन वर्षांच्या धर्मफेरीवर जातात. त्यांतील काहींना थोडे आठवडे चिनी भाषा शिकवून, पोटासाठी परदेशी आलेल्या चिनी कुटुंबांत पाठविले जाते. दोघा-दोघांनी हिंडायचे, दारे ठोठवायची, चुकीच्या उच्चारांवर हशा सोसायचा आणि आठवड्यातून एक दिवस कपडे धुऊन घरी खुशाली कळवायची, असा त्यांचा क्रम. त्यांची शिकवण आपल्याला मान्य नाही. पण त्या पोरसवदा मुलांचा तो अवघडलेपणा, ती घरची ओढ आणि ती चिकाटी आपण ओळखू शकतो. कारण आपल्या घरांतूनही मुलेमुली अशीच दूर गेली आहेत.

माळव्याच्या दक्षिण अंगाला, विंध्याचे डोंगर नर्मदेकडे उतरू लागतात तेथे, भिल, भिलाला, कोरकू अशा आदिवासींची वस्ती आहे. तेथे केरळातून नुकत्याच आलेल्या एका तरुण सिस्टरबाईंचा आठवडा आम्ही जवळून पाहिला. तेथील आठवडा वारांनी कमी आणि हाटांनी अधिक मोजला जातो. आज या गावचा हाट, परवा त्या गावचा. हाटाच्या दिवशी वस्ती रिकामी, म्हणून त्या दिवशी गावफेरी करून उपयोग नाही. हाटातच जाऊन बसावे. इतर दिवशी कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा बँकेचा अर्ज, कोणाचे तापाने फणफणलेले मूल. कित्येक घरांना कुलपे, कारण माणसे मजुरीसाठी गुजरातेत गेलेली. सिस्टरबाईंच्या पिशवीत एक वही होती. पुस्तकी हिंदी त्या शिकून आल्या होत्या. परंतु 'मेरा' म्हणावे तेथे बायका 'म्हारो' म्हणत, आणि डोंगरातील बोली तर त्याहून निराळी. एका म्हातारीने त्यांच्याकडून एक शब्द चार वेळा म्हणवून घेतला आणि चौथ्या वेळी खदखदून हसून त्यांना खाटेवर बसायला जागा दिली. आम्हाला वाटले, उपदेशाची शंभर वाक्ये बोलूनही जी जागा मिळाली नसती, ती या एका शब्दाने मिळाली.

याच वाटेने त्यांच्या आधी एक भगिनी चालून गेली होती. तिच्यासाठीच आम्ही उदयनगरला गेलो.

धन्य राणी मारिया वट्टालिल यांचा जन्म 29 जानेवारी 1954 रोजी केरळातील पुल्लुवळी गावच्या शेतकरी कुटुंबात झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्यांनी 1974 साली प्रथम व्रते घेतली, आणि 1975 च्या नाताळच्या आदल्या दिवशी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या उत्तरेतील बिजनौरला पोहोचल्या. मल्याळम् ही मातृभाषा. हिंदी शिकून घ्यावी लागली. पुढे सतना धर्मप्रांतातील ओडगडी येथे सेवा करून 1992 च्या मे महिन्यात त्या देवास जिल्ह्यातील उदयनगरला आल्या. योगायोग असा, की कुमारजी देवास येथे निवर्तले, ते याच वर्षी जानेवारीत.

उदयनगरला त्यांना काय दिसले? जमीन थोडी, पाऊस लहरी, आणि सावकाराचे कर्ज बापाकडून मुलाकडे चालत आलेले. सरकारच्या योजना होत्या, बँका होत्या. परंतु बँकेच्या दारात पाऊल टाकण्याचे धैर्य आणि अर्ज लिहिण्याचे अक्षर गरिबाजवळ नव्हते. राणी मारिया यांनी ते धैर्य दिले. त्यांनी बायकांना एकत्र आणले, बचतीची सवय लावली, हक्क समजावून सांगितले, बँकेपर्यंत सोबत केली. यात कोणाच्या धर्माची मोजदाद नव्हती. बळाने वा लालूच दाखवून धर्मांतर करण्यास मध्य प्रदेशात 1968 पासून कायद्याने बंदी आहे, 2021 साली तो कायदा अधिक कडक झाला. आणि आपल्या श्रद्धेलाही असे धर्मांतर मुळीच मान्य नाही. गरिबाला हिशेब समजू लागला, हेच काही जणांना खुपले. ज्यांचा धंदा दुसऱ्याच्या अज्ञानावर चालतो, त्यांना शिकविणारा मनुष्य शत्रू वाटतो.

25 फेब्रुवारी 1995 रोजी सकाळी त्या इंदूरला जाण्यासाठी बसमध्ये बसल्या. नाचनबोर डोंगराजवळ, भरल्या बसमधील प्रवाशांच्या देखत, त्यासाठी नेमलेल्या एका तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. देहावर पन्नासांहून अधिक जखमा होत्या. येशूचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला असे सांगतात. वय अवघे एकेचाळीस. उदयनगरलाच त्यांना माती दिली. नाचनबोरच्या त्या वळणावर आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. सागाची पानगळ, दूर गुरांच्या घंटा, आणि अधूनमधून जाणारी बस, याखेरीज तेथे काही नव्हते. आमच्या मनात मात्र एक प्रश्न पुनःपुन्हा येत होता : त्या बसमध्ये आपण असतो, तर जागचे उठलो असतो काय?

परंतु या कथेचा शेवट त्या वळणावर होत नाही. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही त्याच संघातील. 2002 सालच्या रक्षाबंधनाच्या सुमारास त्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. केरळातील त्या वृद्ध मातेने पुढे त्याचे हात चुंबिले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले आहे, म्हणून! कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली व 2006 साली तो मोकळा झाला. 2007 साली तो केरळात त्या घरी जाऊन आला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले.

वाचकहो, क्षमेवर प्रवचन करणे सोपे आहे. आम्ही ते दर वर्षी उपवासकाळात करतो. पण आपल्या वाडीत बांधाच्या हातभर जागेवरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाही, एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतो आणि दारात पाठ फिरवतो, हे आपण सारे जाणतो. त्या मातेपुढे आपली हातभर जमीन किती मोठी? राणी मारिया परक्यांची भाषा शिकल्या. आपल्याला घरच्या माणसाशी, आपल्याच मायबोलीत, एक शब्द बोलायचा आहे. 25 फेब्रुवारी हा त्यांचा स्मरणदिन. तो येण्याआधी ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या अंगणात जावे, आणि ख्यालीखुशाली विचारावी.