कणकुंबीच्या वाटेवरील सुरवंट

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे जाणारा रस्ता चोर्ला घाट उतरू लागण्यापूर्वी कणकुंबीस पोहोचतो. खानापूर तालुक्यातील हे चिमुकले गाव मलप्रभेचे उगमस्थान होय. येथे जन्मलेली ही नदी पुढे कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. श्रावणात माउलीच्या दर्शनास जावे, तर हिरवाईने डोळे निवतात. मात्र याच हिरवाईत सुरवंटांचेही राज्य असते.

विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही तेथे गेलो असता एका परसातील शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांचा पुंजका बसलेला होता. सातवीतील एका मुलाचा हात नेमका त्यावर टेकला. क्षणार्धात मनगटावर गांधी उठल्या. कळवळून तो तोच हात डोळ्याकडे नेऊ लागला, तोच घरातील आजीबाईंनी त्याचे कोपर धरले. "बाळा, चोळू नको रे, डोळ्यास तर मुळीच हात लावू नको!"

आजीबाईंचा हा उपदेश शास्त्रास धरून आहे. सुरवंटाचे बारीक केस त्वचेत रुतून मोडतात. काही जातींच्या केसांत विषही असते. चोळल्याने ते अधिक खोल जातात आणि पसरतात. डोळ्यात शिरलेला केस तर आतआत सरकून दृष्टीस अपाय करू शकतो.

आम्ही अंगावरचा सुरवंट काडीने दूर केला. कोरड्या त्वचेवर चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली, दर वेळी नवी पट्टी घेऊन असे अनेकदा केले. मग साबणाने हात धुऊन थंड पाण्याची घडी ठेवली आणि सदरा बदलला. तासाभरात मुलाची कळी खुलली. कॅलामाइनचा लेपही खाजेवर गुणकारी ठरतो.

डोळ्यात केस गेल्यास स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुऊन त्वरित नेत्रवैद्य गाठावा. ओठ सुजले, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

वाचकहो, पावसाळी सहलीस निघताना लांब बाह्यांचे कपडे घालावेत, शिदोरीबरोबर चिकटपट्टी व साबण घ्यावा आणि झाडाखाली कपडे वाळत घालू नयेत. मेलेल्या सुरवंटाचे व रिकाम्या कोशाचे केसही तितकेच बाधतात, हे मुलांस अवश्य सांगावे. रान पाहावे ते डोळ्यांनी. हात लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे.