तक्रार मागे घेतली तरी

वकिलाविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाची मागणी बहुधा दुहेरी असते : "पैसे परत मिळवून द्या आणि त्याची सनद घालवा." नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये वकिली करताना अशा सुनावण्यांत मी तक्रारदारांकडूनही उभा राहिलो आणि वकिलांकडूनही. पहिल्या भेटीत मला तक्रारदाराची निराशाच करावी लागते. शिस्तपालन समिती ही वसुलीची जागा नाही. पैशांसाठी दिवाणी दावा आहे, अपहार असेल तर पोलीस ठाणं आहे. समितीला एवढंच ठरवायचं असतं, की या माणसाच्या हाती सनद ठेवावी की नाही.

तक्रार जाते बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम 35 सांगतं, की गैरवर्तन झालं असं मानायला कारण दिसलं तरच कौन्सिलने प्रकरण समितीकडे पाठवावं. समिती तिघांची : दोघे कौन्सिलचे निवडलेले सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला अनुभवी वकील. ही पहिली चाळणी नीट लावली नाही तर काय होतं, ते सप्टेंबर 2025 मध्ये दिसलं. विरुद्ध पक्षाच्या वकिलावरची तक्रार पुढे रेटल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आमच्याच कौन्सिलवर 50 हजार रुपयांचा खर्च बसवला. मला ते योग्य वाटलं. खटला हरल्याचा राग समोरच्या वकिलावर काढणारे थोडे नाहीत, आणि नोटीस नुसती आली तरी बार रूममध्ये कुजबुज सुरू होते.

प्रत्यक्ष सुनावणी छोट्या दिवाणी खटल्यासारखी चालते. समन्स काढणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं असे दिवाणी कोर्टाचे अधिकार समितीला आहेत. पण न्यायाधीशाला साक्षीला बोलवायचं तर उच्च न्यायालयाची आधी मंजुरी लागते, म्हणून कोर्टात काय घडलं ते कागदालाच सांगावं लागतं. त्यातला सगळ्यात बोलका कागद म्हणजे रोजनामा, कोर्टाची तारखेगणिक नोंद. वकील सांगतो, मी प्रत्येक तारखेला हजर होतो. सही-शिक्क्याची नक्कल समोर येते : "वादी व त्यांचे वकील पुकारूनही गैरहजर." पुढच्या तारखेला तेच, त्यापुढच्याही, आणि शेवटी दावा काढून टाकल्याची एक ओळ. मग पक्षकार मोबाइल पुढे करतो. त्यात दावा निकाली निघाल्यानंतरच्या तारखेचा वकिलाचा निरोप असतो : "केस चालू आहे, काळजी करू नका." उलटतपासात या निरोपाचं उत्तर देताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. तारीख चुकणं ही चूक झाली. ती अशी झाकणं हे गैरवर्तन. नुसत्या निष्काळजीपणावर सनद जात नाही. पुरावाही फौजदारी खटल्याच्या तोडीचा लागतो, संशयावर भागत नाही.

दुसरं नेहमीचं भांडण फाइलचं. फी थकली म्हणून वकील कागद अडवून ठेवतो. भोपाळच्या एका वकिलाने सहकारी बँकेच्या फाइली 97,100 रुपयांच्या बिलापायी अशाच दाबून ठेवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली निर्वाळा दिला, की पक्षकाराच्या कागदांवर वकिलाचा असा कुठलाही हक्क नाही. शिक्षा मात्र दीड वर्षाच्या बंदीवरून ताकिदीवर आली, कारण कायदा तोवर स्पष्ट नव्हता. हा निकाल दाखवूनही आजही कागद सहजी सुटत नाहीत.

आणि मग तो प्रसंग येतो, ज्याची तक्रारदाराला कल्पनाच नसते. वकील पैसे परत करतो, दोघांत समझोता होतो आणि काटोलकडचा शेतकरी हात जोडून म्हणतो, "साहेब, माह्ये पैसे भेटले. आता मले तक्रार नाही चालवाची." बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात, की तक्रार मागे घेतली, तडजोड झाली किंवा तक्रारदाराला ती चालवायची नाही, एवढ्याच कारणाने चौकशी थांबवता येत नाही. शेतकऱ्याला हा अन्याय वाटतो. पक्षकाराचे पैसे वापरून, पकडला गेल्यावर परत करणारा वकील मात्र तडजोडीवर सुटला तर पुढच्या पक्षकाराचं काय, हे त्याला समजावताना माझी दमछाक होते. या नियमामागचा विचार मुंबईच्या दाभोळकर प्रकरणात स्पष्ट झाला. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात अशिलांवर झडप घालणाऱ्या, त्यांच्या हातचे कागद ओढणाऱ्या वकिलांचं ते प्रकरण. राज्याच्या समितीने त्यांना दोषी धरलं, दिल्लीतल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने सोडलं. तेव्हा खुद्द राज्याची बार कौन्सिल अपिलात गेली. तिला अपिलाचा अधिकार आहे का, यावर 1975 साली सात न्यायाधीश बसले आणि त्यांनी होकार दिला, कारण पेशाची इभ्रत राखणं हे तिचं कामच आहे.

शिक्षा झालीच तर तीन तऱ्हेची : ताकीद, ठरावीक काळ निलंबन किंवा पटावरून नाव काढणं. साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुन्हा साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. कलम 36-ब म्हणतं, राज्याच्या समितीने एका वर्षात निकाल द्यावा, नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होईल. तारखा मागण्यात वकिलांचा हात कोण धरणार? वर्ष उलटतं, फाइल दिल्लीला जाते. गोंदियाच्या पक्षकाराला नागपूरच लांब, तिथे दिल्लीचं तिकीट कुठून काढणार? ज्याच्यावर तक्रार आहे तो वकील मात्र निकाल लागेपर्यंत बहुतेक वेळा रोज काळा कोट चढवून नवी वकीलपत्रं दाखल करत असतो.